फोटोच्या पाठीवर निकाल लिहा



छंद नाना प्रकारचे असतात. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी आगपेट्यांचे छाप. आपल्या वस्त्यांतली मुले क्रिकेटपटूची नाहीतर सिनेनटाची सही मिळावी म्हणून तासन्‌तास उन्हात ताटकळतात. त्यात वाईट काही नाही. पण एक छंद असा आहे की त्याचे नाव काढले तर लोक हसतात. तो म्हणजे उच्च न्यायालयाच्या जुन्या, नामवंत न्यायमूर्तींचे स्वाक्षरी केलेले फोटो जमवणे. "न्यायाधीशाचा फोटो घेऊन करायचे काय? आपल्याला काय कोर्टाची पायरी चढायची आहे?" असा प्रश्न हमखास येतो.

हा प्रश्न मला आमच्या वसाहतीतल्या एका तरुणाने विचारला. त्याचा एक मित्र वकिलीचे शिक्षण घेत आहे आणि असे फोटो जमवतो. मित्राच्या वहीत चाळीसएक फोटो झाले, पण त्यातला कोण कशासाठी ओळखला जातो हे त्याला सांगता येईना. तेव्हा मी म्हणालो, मग हा संग्रह नव्हे, ही रद्दी. जरा चकचकीत रद्दी, इतकेच.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याने कारकून. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की व्हाउचरशिवाय रोजकीर्दीत नोंद करायची नाही. न्यायमूर्तीच्या फोटोचेही तसेच आहे. फोटो ही नोंद झाली, तिचे व्हाउचर म्हणजे त्याने दिलेला निकाल. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की फोटो खुशाल जमवा, पण प्रत्येक फोटोच्या पाठीवर निकाल लिहा. कोणी दाद मागितली, कोणाविरुद्ध मागितली, न्यायमूर्तींनी काय ठरवले, कोणाचा फायदा झाला आणि कोणाचे नुकसान. चार ओळी पुरेत. या चार ओळींनी काय फरक पडतो ते आज पाहू.

मुंबई हायकोर्टाचे चेहरे

उदाहरण आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचेच घेऊ. इंग्रज सरकारने १८६१ साली कायदा केला आणि १८६२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन उच्च न्यायालये सुरू झाली. मुंबईचे १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. पहिले मुख्य न्यायमूर्ती सर मॅथ्यू सॉसे. फोर्टातली काळ्या दगडाची जी इमारत आपण ओव्हल मैदानातून पाहतो, ती कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. त्या परिसरातील इतर इमारतींबरोबर तिला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. आता वांद्रे येथे नवे संकुल उभारण्याचे ठरले असून २०२४ साली त्याचे भूमिपूजन झाले.

सुरुवातीला न्यायासनावर सगळे इंग्रज. देशातल्या उच्च न्यायालयांतले पहिले भारतीय न्यायमूर्ती कलकत्त्याचे शंभुनाथ पंडित, १८६३ साली नेमले गेले. मुंबईत हा मान नानाभाई हरिदास यांना मिळाला. मग काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, ते वारले आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. १८९५ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि १९०१ साली नारायण गणेश चंदावरकर न्यायमूर्ती झाले. यांपैकी तय्यबजी १८८७ साली आणि चंदावरकर १९०० साली काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. पुढे १९४७ साली स्वातंत्र्याच्या वेळी महंमद करीम छागला मुख्य न्यायमूर्ती झाले. त्या पदावर कायम नेमणूक झालेले ते पहिले भारतीय. १९५८ पर्यंत ते त्या पदावर होते.

ही झाली नावांची यादी. संग्राहक मंडळी याच नावांच्या मागे धावतात. पण नुसत्या यादीने पोट भरत नाही. आता फोटोची पाठ उलटून पाहू.

एकच माणूस, दोन नोंदी

न्या. दिनशा दावर यांचा फोटो घ्या. लोकमान्य टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी हायकोर्टात उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर. जामीन दिला न्या. तय्यबजींनी. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. या वेळी न्यायासनावर दावर बसले होते. २२ जुलै १९०८ रोजी त्यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळकांना मंडालेला पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. गिरण्यांत राबणाऱ्यांची मुलेबाळे हा लेख वाचत असतील, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या दालनात तो खटला चालला तेथे १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते टिळकांच्या उद्गारांची पाटी बसवली गेली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने ती पाटी लावली.

आता सांगा, दावरांचा फोटो संग्रहात ठेवायचा की नाही? मी म्हणतो जरूर ठेवा. संग्रह म्हणजे देव्हारा नव्हे. तेथे पूजा करायची नाही, हिशेब ठेवायचा आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध देशाला सावध केले होते. तो इशारा न्यायमूर्तींनाही लागू करायला हरकत नाही. चांगला निकाल दिला म्हणून कुणाला हार घालू नये आणि वाईट दिला म्हणून त्याचा फोटो फाडू नये. जमा आणि नावे, दोन्ही बाजू लिहाव्यात.

ब्रूमफिल्ड आणि वाडिया

आता असे दोन फोटो, जे मला वाटते आपल्यापैकी फार थोड्या घरांत असतील. नावेही फार थोड्यांना ठाऊक असतील. न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. एन. जे. वाडिया.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपल्या घरातले शेंबडे पोरही सांगेल. पण पुढे काय झाले? स्पृश्य मंडळींपैकी काहींनी त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या कोर्टात दावा लावला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी तेथे न येण्याचा रिवाज पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिवादींत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तो पुढे १९२८ साली उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ साली लागला, तो आपल्या बाजूने. वादींनी ठाण्याला अपील केले, ते १९३३ साली फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई हायकोर्टात आले. तेथे न्या. ब्रूमफिल्ड व न्या. वाडिया यांच्यापुढे दुसरे अपील चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी तेही फेटाळले गेले.

तारखा पुन्हा एकदा पाहा. ओंजळभर पाणी प्यायले २० मार्च १९२७ रोजी. ते पाणी कायद्याने आपले ठरले १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षांना तीन दिवस कमी! इतकी वर्षे तारखांमागून तारखा पडत राहिल्या.

निकाल काय होता तेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण सभेत भाषण करताना पुष्कळ वेळा ते चुकीचे सांगितले जाते. "सर्व माणसे समान आहेत, म्हणून पाणी सर्वांचे" असे हायकोर्टाने म्हटलेले नाही. तसे म्हणायला त्या वेळी राज्यघटना कोठे होती? हायकोर्टाने एवढेच म्हटले की वादी जो अनादी काळापासूनचा रिवाज सांगतात, तो त्यांना शाबीत करता आला नाही. म्हणजे लढाई पुराव्यावर जिंकली गेली. समानतेचे तत्त्व कायद्यात यायला आणखी तेरा वर्षे लागली. २६ जानेवारी १९५० पासून घटना अंमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. महाडच्या प्रतिवादीनेच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले. पंधराव्या कलमात 'तलाव' हा शब्द वाचताना चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता ब्रूमफिल्ड यांच्या फोटोच्या पाठीवर आणखी काय लिहायचे? हेच गृहस्थ १९२२ साली अहमदाबादला जिल्हा न्यायाधीश होते आणि १८ मार्च १९२२ रोजी त्यांनी महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली होती. बार्डोलीच्या शेतकऱ्यांचा १९२८ साली साराबंदीचा लढा झाला, त्यानंतरच्या चौकशीवरही ब्रूमफिल्ड होते आणि त्या चौकशीत सरकारने वाढवलेला सारा अवाजवी ठरला. एका माणसाच्या खात्यावर अशा तीन नोंदी. त्याला मित्र म्हणावे की शत्रू? दोन्ही म्हणू नये. न्यायाधीश म्हणावे आणि तिन्ही नोंदी लिहाव्यात.

अशा दोघांचा स्वाक्षरीचा फोटो कुणाला मिळाला, तर तो चेहऱ्यासाठी नव्हे, १७ मार्चसाठी जपावा. आणि मिळाला नाही तरी बिघडत नाही. एका कोऱ्या कार्डावर दोघांची नावे आणि तारीख लिहून ठेवा. संग्रहात ते कार्डही शोभेल.

आपल्या काळाच्या जवळचे

संग्रह जुन्यांपाशी थांबू नये. आर. आर. भोळे यांचे नाव घ्या. बाबासाहेबांचे सहकारी. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आलेले, पुढे याच मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले आणि १९८० साली लोकसभेवर गेलेले. १९३७ साल पुन्हा आले पाहा. ज्या वर्षी महाडचा निकाल लागला त्याच वर्षी भोळे विधानसभेत गेले.

सुजाता मनोहर यांचे नाव घ्या. १९७८ साली त्या मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. देशात हा मान केरळच्या अण्णा चंडी यांचा, साल १९५९. मुलींच्या वहीत ही दोन नावे असलीच पाहिजेत.

न्या. लेंटिन यांचे नाव घ्या. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले, त्याची चौकशी त्यांनी केली. जे. जे. मध्ये कोण जाते? आपणच जातो. न्या. श्रीकृष्ण यांचे नाव घ्या. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींची चौकशी त्यांनी केली व १९९८ साली अहवाल दिला. त्या दिवसांत ज्यांनी मुलाबाळांना पोटाशी धरून रात्री काढल्या, त्यांना हे नाव परके नाही.

आणि न्या. भूषण गवई. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला मुलगा २००३ साली मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचा सरन्यायाधीश होता. बौद्ध समाजातून त्या पदावर गेलेले ते पहिले. कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्याच हस्ते सुरू झाले. त्यांचा फोटो आज आपल्या अनेक घरांत लागला आहे, आनंदाची गोष्ट आहे. पण नियम सर्वांना सारखा. त्यांच्याही फोटोच्या पाठीवर निकाल लिहा, पटलेले आणि न पटलेले. आपल्या माणसाला मापात सूट द्यायची नसते.

खरी सही, खोटी सही

असो. आता व्यवहाराचे थोडे. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर किंवा जुन्या वस्तूंच्या लिलावात असे फोटो कधीमधी येतात. जेथे पैसा तेथे लबाडी. म्हणून पाच गोष्टी पाहाव्यात.

एक. मुलांच्या अभ्यासाचे भिंग घेऊन सही पाहा. बारीक बारीक ठिपके दिसले तर ती छापलेली सही आहे, हाताची नव्हे.

दोन. सही कशाने केली ते पाहा. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आले. न्या. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. मग रानड्यांची बॉलपेनची सही कोणी दाखवली, तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

तीन. जुनी निळी-काळी शाई कालांतराने तपकिरी होते. म्हणून तपकिरी सही पाहून घाबरू नका. उलट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून दाखवलेली सही कालच्यासारखी निळीशार असेल तर सावध व्हा.

चार. त्या काळचे फोटो पातळ कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. 'कॅबिनेट कार्ड' म्हणत ते साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे. खाली स्टुडिओचे नाव छापलेले असे. सही बहुधा पुठ्ठ्यावर असते, चेहऱ्यावर नव्हे.

पाच. कोर्टाच्या कागदावरची, निकालपत्रावरची मूळ सही कुणी विकायला आणली तर हातही लावू नका. तो कागद दफ्तरातून फाडलेला असू शकतो. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार ठरतो. आपल्याला निकाल हवा असेल तर रीतसर अर्ज करून नक्कल मिळते.

आणखी एक लक्षात ठेवा. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाचे कागद पुराणवस्तू ठरू शकतात. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आखातातला किंवा अमेरिकेतला कोणी नातेवाईक "पाठवून दे, इकडे चांगले पैसे येतील" म्हणाला तरी ऐकू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, कर्ज काढून सही विकत घेऊ नका. मुलाच्या फीचे पैसे फीलाच जावेत.

पत्र कसे लिहावे

विकत घेण्यापेक्षा मागून घेतलेली सही चांगली. पण मागण्याचीही रीत असते. कामावर असलेल्या न्यायमूर्तींना त्रास देऊ नये. विशेषतः आपला किंवा नातेवाइकाचा दावा कोर्टात चालू असेल तर मुळीच लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधीशांच्या वर्तनाची जी मूल्ये मान्य केली, त्यांत त्यांनी पदाला साजेशी अलिप्तता ठेवावी आणि घरच्या व जवळच्या माणसांखेरीज कुणाकडून भेटवस्तू घेऊ नये, असे म्हटले आहे. म्हणून पत्राबरोबर शाल, पेढे, पेन असले काही पाठवू नका. पत्र निवृत्त न्यायमूर्तींना लिहावे. नमुना देतो:

"सन्माननीय न्यायमूर्ती महोदय, मी इयत्ता नववीत शिकणारी विद्यार्थिनी आहे. आपण दिलेल्या अमुक निकालाची माहिती मी वाचली. त्यामुळे अमुक लोकांना त्यांचा हक्क मिळाला, हे मला समजले. सोबत आपला फोटो आणि माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे. सवडीने सही करून पाठवल्यास आभारी होईन. आमच्या कुटुंबाचे कोर्टात कोणतेही काम नाही. आपली नम्र."

पाहा, या पत्रासाठी मुलीला आधी एक निकाल वाचावा लागला. सही आली नाही तरी तेवढा फायदा झालाच. उत्तर आले नाही तर दुसरे पत्र लिहू नये.

मागच्या रांगेतली माणसे

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मुद्दाम काढला ती सांगतो.

न्यायमूर्तींचे सहीचे फोटो केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आहेत असे समजू नका. काही आपल्या चाळींतल्या खोल्यांत आहेत. हायकोर्टात आणि इतर कोर्टांत आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला होते. पट्टेवाले, झाडूवाले, दफ्तरबंद, चोपदार आणि पुढे शिकले तसे कारकून, लघुलेखक. न्यायमूर्ती निवृत्त झाले की निरोपाचा ग्रुप फोटो निघे. साहेब खुर्चीवर मध्ये आणि कर्मचारी मागे उभे. त्यावर कधी साहेब सही करून देत. तो फोटो घरी येई, फ्रेम होई आणि पत्र्याच्या ट्रंकेच्या वर भिंतीवर लागे.

असा एक फोटो मी एका निवृत्त पट्टेवाल्याच्या घरी पाहिला. ते गृहस्थ आता हयात नाहीत. फोटोखाली छापील नावे होती. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचे नाव, पदवी, अगदी डावीकडून उजवीकडे क्रमाने. मागे उभ्या असलेल्या अकरा माणसांसाठी दोनच शब्द: 'कर्मचारी वर्ग'. न्यायमूर्तींची सही ठसठशीत होती. नातवाने सही दाखवली आणि सांगितले, हे मोठे जज्ज होते. मी विचारले, यात तुझे आजोबा कोणते? तो घुटमळला. आजीला बोलावले. तिने चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत नेले आणि तिसऱ्या माणसावर ठेवले. "हे बघ, हे. पट्टा कसा चकचकीत केलेला. आदल्या रात्री मीच घासला होता." बाकीच्या दहांपैकी चौघांची नावे तिला आठवली. तिच्यानंतर तीही कुणाला आठवणार नाहीत.

हे लिहिण्याची घाई का? बी. डी. डी. चाळींचे उदाहरण घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून १९२० च्या दशकात २०७ चाळी बांधल्या गेल्या. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. आता पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी हक्काचे मोठे घर मिळाले, याचा आनंद कुणाला होणार नाही? पण घर बदलताना पहिला बळी जातो तो जुन्या फ्रेमचा. नव्या रंगाच्या भिंतीला खिळा नको, म्हणून फ्रेम भंगारवाल्याकडे जाते. काचेचे आणि लाकडाचे पैसे येतात. आतला कागद फुकट जातो. मुंबईतच नव्हे, नागपूर, औरंगाबादकडेही जुनी घरे पाडून नवी होत आहेत आणि तेथेही हेच घडते.

बाजारात त्या फोटोची किंमत न्यायमूर्तींच्या सहीमुळे ठरते. आपल्या घरात त्याची किंमत मागच्या रांगेमुळे ठरली पाहिजे. ज्या माणसाला त्याच्या गावात पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, तो हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या मागे ताठ उभा आहे. त्या उभे राहण्याला नाव मिळालेच पाहिजे.

एवढे कराच

घरात असा फोटो असेल तर येत्या रविवारी भिंतीवरून उतरवा. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, पुढचा आणि मागचा. दिवसाउजेडी काढा, फ्लॅश मारू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि एकेकावर बोट ठेवून नाव विचारा. वेगळ्या कागदावर रांगेप्रमाणे नावे लिहा, गाव लिहा, हुद्दा लिहा. फोटोच्या पाठीवर लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा उठाव पुढे उमटतो.

लॅमिनेशन करू नका. त्याची गरमी आणि चिकटद्रव्य फोटो खराब करतात आणि पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, त्या कागदाने फोटो पिवळा पडतो. फ्रेम करताना फ्रेमवाल्याला सांगा की काच फोटोला चिकटता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घाला. उन्हाच्या आणि मोरीच्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंतीची ओल लागत नाही. पावसाळ्यानंतर एकदा उतरवून वाळवी, कसर पाहावी.

आणि ज्यांच्या घरी असा फोटो नाही, त्यांनी शेजारी विचारावे. आपल्या विहारात रविवारी मंडळी जमतातच. चार घरचे चार फोटो आणले तर मुलांना एका दुपारी कळेल की खुर्चीवर कोण बसले होते, त्यांनी कोणता निकाल दिला आणि मागे कोण उभे होते. मागच्या रांगेतली नावे सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांतल्या कुणाला ऐकू कमी येत असेल, कुणाला दिसत नसेल. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. जाताना वही आणि पेन्सिल घेऊन जा.

जय भीम!